वर्गणीची वही

बँकेतील छत्तीस वर्षांच्या सेवेत मी किती कर्जप्रकरणे मंजूर केली, याचा हिशेब मला आज सांगता येणार नाही. नामंजूर केलेल्यांपैकी एक मात्र स्मरणात पक्के बसले आहे. खामगाव भागातील एका शाखेत असताना, एकोणीसशे नव्वदच्या दशकात, एक तरुण शिक्षक माझ्यासमोर येऊन बसला. त्याला बारा हजार रुपये हवे होते. कारणाच्या रकान्यात त्याने स्वच्छ अक्षरांत लिहिले होते : ‘त्रैमासिकाचे प्रकाशन’.

त्याने आपला पहिला अंक टेबलावर ठेवला. मी तो चाळला. वऱ्हाडी बोलीतील कथा, देवनागरीत छापलेल्या उर्दू गझला, बंजारा तांड्यावरील गीते, मारवाडी घरांतील लग्नाची गाणी आणि मधूनमधून एका चित्रकला शिक्षकाची रेखाटने. आपल्या जिल्ह्यात जितक्या बोली ऐकू येतात, तितक्या त्या चौसष्ट पानांत एकत्र बसल्या होत्या. मी तारण विचारले. त्याच्याजवळ नव्हते. जामीनदार विचारला, तोही नव्हता. नियमाप्रमाणे जे उत्तर द्यायचे ते मी दिले. त्याने अंक उचलला नाही. “राहू द्या साहेब, वाचा,” एवढेच म्हणून तो गेला. पुढे तीन अंक निघाले आणि ते त्रैमासिक थांबले.

बँकेच्या दृष्टीने माझा निर्णय योग्यच होता, आणि आजही मी तो बदलणार नाही. तरीही त्या प्रसंगात माझ्याकडून एक चूक झाली. ती कोणती, हे कळायला मला निवृत्त व्हावे लागले.

काही वर्षांनी माझी बदली मलकापूरला झाली. तेथील एका गुजराती जिनिंगवाल्यांच्या घरी हिशेबाच्या निमित्ताने जाणे होई. त्यांच्या बैठकीतील कपाटात जुन्या मासिकाचे बांधलेले खंड होते. नाव ‘वीसमी सदी’, म्हणजे विसावे शतक. मला गुजराती वाचता येत असल्याने मी ते उघडले आणि त्या दिवशी हिशेब बाजूला राहिला.

हे मासिक १९१६ च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुरू झाले. संपादक हाजी महंमद अल्लारखिया शिवजी हे खोजा व्यापारी घराण्यातील गृहस्थ. चित्र हे मजकुराच्या शेजारी मानाने बसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडून चित्रे घेतली. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे आणि जे. जे. कलाशाळेत नावारूपाला आलेले मराठी चित्रकार. भावनगरहून त्याच कलाशाळेत शिकायला आलेल्या रविशंकर रावळ या तरुणालाही हाजींनी हाती धरले. कन्हैयालाल मुनशी यांची ‘गुजरातनो नाथ’ ही कादंबरी याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. सिद्धराज जयसिंहाचे पाटण आणि तेथील मुंजाल मेहता हा मंत्री त्या कादंबरीतून गुजराती घराघरांत पोहोचला. संपादक मुसलमान, चित्रकार मराठी आणि गुजराती, लेखक ब्राह्मण, आणि वाचकांत जैन, वैष्णव, पारशी असे सारेच. एका मासिकाच्या भोवती अशी पंगत बसली होती, आणि या पंगतीचा यजमान एक व्यापारी होता.

मात्र यजमानाने पंगतीचा खर्च एकट्याने सोसला. चांगला कागद, चांगले ठसे आणि चित्रकाराला योग्य मोबदला यांत हाजींनी आपल्या पदरची पुंजी ओतली. १९२० पर्यंत मासिक चालले आणि १९२१ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी रविशंकर रावळांनी त्यांच्या नावाने स्मारकग्रंथ काढला. १९२४ मध्ये त्यांनी अहमदाबादेत ‘कुमार’ हे मासिक सुरू केले. पुढे बचुभाई रावत यांनी ते दीर्घकाळ सांभाळले. दर बुधवारी त्यांच्याभोवती कवींची बैठक भरे. तिलाच ‘बुधसभा’ म्हणतात. गुजराती कवितेच्या कितीतरी पिढ्या तिथे घडल्या. हाजींची पेढी बुडाली असे म्हणावे, तर त्यांचे भांडवल दुसऱ्याच्या खात्यावर वाढत गेलेले दिसते.

आपल्या मराठीतही असे यजमान झाले. काशिनाथ रघुनाथ आजगावकर या तरुणाला बंगाली साहित्याची इतकी ओढ लागली, की त्याने ‘मित्र’ हे बंगाली आडनावच धारण केले. या का. र. मित्रांनी १८९५ मध्ये मुंबईत ‘मनोरंजन’ मासिक काढले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक प्रसिद्ध केला. फराळाच्या ताटाइतकाच आज आपल्या घरात सवयीचा झालेला दिवाळी अंक तेव्हापासून सुरू झाला. १९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या मित्रांनी ‘शब्द’ नावाचे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले. शहाण्यांनाही बंगालीचीच ओढ. मराठवाड्यात भालचंद्र नेमाडे यांनी ‘वाचा’ चालवले. या तरुणांचा रोष ‘सत्यकथा’ या मौजेच्या प्रतिष्ठित मासिकावर होता. १९६९ मध्ये त्यांनी त्याचा अंक जाळून निषेधही केला. मला व्यक्तिशः अंक जाळणे रुचत नाही. पण ज्या अंकाची वाट पाहिली जात नाही, तो जाळण्याची तसदी कोण घेईल? ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाले, आणि ती जाळणाऱ्यांची अनियतकालिके तर त्याआधीच अंतर्धान पावली होती.

आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे केले. ज्यांच्या घरात लेखणी प्रथमच आली होती, अशा दलित तरुणांचे लेखन त्याने छापले. अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे गावोगाव भरत. साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे कार्य पानतावण्यांनी आयुष्यभर चालवले. त्यामागे ना मोठी पेढी होती, ना श्रीमंत घराणे.

आता आपल्या बुलढाण्याकडे वळू. जिल्हा कापसाचा, खामगावच्या चांदीचा, लोणारच्या सरोवराचा म्हणून ओळखला जातो. तो लेखणीचाही आहे, हे आपण क्वचितच सांगतो. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. एका वृत्तपत्रात स्त्रियांविषयी छापून आलेल्या मजकुराने त्या संतापल्या आणि त्यांनी पुस्तकच लिहिले. मेहकरला वकिली करणारे ना. घ. देशपांडे यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये निघाला. त्यांची कविता मात्र त्याआधी कितीतरी वर्षे ध्वनिमुद्रिकेमुळे घराघरांत गायिली जात होती. ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चिखली तालुक्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीलाही २००४ मध्ये तोच सन्मान लाभला. कोरडवाहू शेतकऱ्याचे जे दुःख आपल्या अडत दुकानाच्या ओट्यावर रोज येऊन बसते, तेच या कादंबरीत आहे. पुस्तक हे लेखकाच्या वाटचालीतील शेवटचे स्थानक असते. त्याआधी त्याला कुठेतरी पहिली कथा, पहिली कविता छापून यावी लागते. ते पहिले स्थानक म्हणजे लहान नियतकालिक.

अशी नियतकालिके का बंद पडतात, याचे उत्तर साहित्यशास्त्रात नाही, ते जमाखर्चात आहे. कागदवाल्याला आणि छपाईला पैसे आधी द्यावे लागतात. विक्रेत्याकडून ते कमिशन कापून, तेही उशिरा येतात. न विकलेले अंक परत येतात, आणि ते रद्दीच्या भावाखेरीज कुठल्याच भावाने जात नाहीत. आपण व्यापारी याला खेळत्या भांडवलाची अडचण म्हणतो. माल चांगला असूनही दुकान बसते, ते याच कारणाने.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवले जाते, की आगाऊ मिळालेली वर्गणी हे उत्पन्न नसून देणे असते. ताळेबंदात ती देण्याच्या बाजूला लिहितात, कारण प्रकाशकाने अजून अंक दिलेले नसतात. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले, अनेक ताळेबंदांत तपासले, पण त्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. वर्गणीदार हा ग्राहक नसून सावकार आहे! तो व्याज घेत नाही, तारण मागत नाही आणि परतफेड पैशांत नव्हे, अंकांत घेतो. त्या तरुणाला बारा हजार हवे होते. त्याच्या त्रैमासिकाची वार्षिक वर्गणी साठ रुपये होती. म्हणजे त्याला केवळ दोनशे वर्गणीदार पुरेसे होते. माझ्या शाखेत तेव्हा व्यापाऱ्यांचीच दोनशेच्या वर खाती होती. त्यांतील अनेकांच्या दुकानी मी दिवाळीला पेढे खाल्ले होते. एकाजवळही मी शब्द टाकला नाही. एवढेच काय, स्वतःचे साठ रुपयेही काढून दिले नाहीत. कर्ज नाकारणे हे माझे कर्तव्य होते, वर्गणी नाकारायला मात्र कोणत्याही नियमाने मला सांगितले नव्हते.

ही गोष्ट आपल्या समाजाला सांगावी, असे मला विशेषत्वाने वाटते, कारण आपल्याला ती नवी नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी प्रशस्ती असते. ही पोथी कोणत्या श्रावकाने, कोणाच्या स्मरणार्थ लिहवून घेतली, हे तीत नोंदलेले असते. लेखनिक आणि चित्रकार यांचे पोट त्या श्रावकाच्या दानावर चाले. शेजारच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील भांडारांत अशा पोथ्या शतकानुशतके जपल्या गेल्या. विसाव्या शतकात तेथील अंबादास चवरे यांच्या नावाच्या ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्ये प्रथमच छापून आली. अमरावतीच्या महाविद्यालयात शिकवणारे डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून षट्खंडागम धवला टीकेसह प्रकाशित करण्यास आरंभ केला, तेव्हा त्यासाठी निधी दिला तो विदिशेच्या एका श्रेष्ठींनी. विद्वानाची विद्या आणि व्यापाऱ्याची थैली एकत्र आली, म्हणून ते ग्रंथ आज आपल्या हाती आहेत. शास्त्रदानाचे पुण्य आणि कलेच्या मासिकाची वर्गणी एकच आहे, असे मी म्हणणार नाही. पण दोन्हींमागची सवय एकच आहे : आपल्याला लिहिता येत नसेल, तर लिहिणाऱ्याचा दिवा विझू न देणे.

काही वाचक म्हणतील, आम्ही दिवाळी अंकांना जाहिराती देतोच की. देतो, हे खरे. पण बहुधा आलेल्या माणसाला वाटेला लावण्यासाठी देतो, आणि अंक आल्यावर आपली जाहिरात नीट छापली की नाही एवढेच पाहून तो बाजूला ठेवतो. प्रशस्ती लिहवून घेणाऱ्या श्रावकाने पोथी उघडलीच नाही, तर कसे चालेल? शिवाय जाहिरातीचा आधार चंचल असतो. बाजार मंदावला की पहिली कात्री तिलाच लागते. दोनशे वर्गणीदार मात्र एकाच वेळी पाठ फिरवत नाहीत. संपादकाला स्वतंत्र राहायचे असेल, तर एका मोठ्या देणगीदारापेक्षा दोनशे लहान वर्गणीदार अधिक सुरक्षित. हाजी महंमदांच्या उदाहरणातून माझ्यासारख्या हिशेबी माणसाने घेतलेला धडा हाच आहे.

निवृत्तीनंतर घर आवरताना तो पहिला अंक मला सापडला. मी त्या शिक्षकाचा शोध घेतला. तेही आता निवृत्तीला आले आहेत. मी त्यांना भेटलो आणि ओशाळून म्हणालो, “त्या वेळी तुमचे काम करता आले नाही.” ते हसले. “कर्जाचं सोडा साहेब. बँका काय, देतात किंवा देत नाहीत. मला एवढंच विचारायचं होतं, तुम्ही तो अंक वाचला होता का?”

मी वाचला नव्हता. चाळला होता. आमच्याकडे चाळणे पुरेसे असे.

घरी येऊन त्या रात्री मी तो अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यातील मारवाडी गाण्यांपैकी एक माझ्या आजीच्या तोंडी होते. ते मी लहानपणी ऐकले होते आणि पूर्ण विसरलो होतो. आमच्या घरात ते कोणी लिहून ठेवले नाही. एका परक्या तरुणाने, पदरमोड करून, छापून ठेवले. तीस वर्षे ते माझ्याच कपाटात पडून होते.

गेल्या दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि ‘लाभ’ लिहिल्यावर तीन मासिकांची वर्गणी नोंदवली. एक माझ्या वडिलांच्या नावे, एक आजीच्या नावे आणि एक माझ्या नातवाच्या नावे. चिरंजीवाने विचारले, “ही नोंद कुठल्या खात्यावर टाकायची? खर्च की दान?” मी म्हणालो, “येणे बाजूला टाक. वर्षभर अंक येतील.”