सोवळ्याकडून सेवेकडे : ‘स्मृतिचित्रे’तील ख्रिस्ती आचरण

मराठीतील ख्रिस्ती साहित्याचा विचार बहुधा फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून (१६१६) सुरू होतो आणि बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पाशी (१८५७) येऊन मतप्रतिपादनाच्या चर्चेत गुंततो. श्रद्धेचा आशय काय, हे या ग्रंथांतून कळते. ती स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीपाशी आणि आजाऱ्याच्या उशाशी कशी वागते, हे पाहावयाचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडेच (१९३४–३६) वळावे लागते.

या आत्मकथनाचा आरंभ ख्रिस्ती धर्माने होत नाही, सोवळ्याने होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना विटाळाची अशी धास्ती बसली की बाहेरून आलेले मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेतले जात नसे. नाशिकजवळच्या जलालपुरातील हे धुणे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. परंतु त्या पाण्यात घरातील बायकामुलांचे किती हाल झाले, हेही त्या लपवीत नाहीत. पुढील सर्व कथनाची किल्ली येथे आहे.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला ‘नवा करार’ आणि त्यातील डोंगरावरील प्रवचन हे त्यांच्या परिवर्तनाचे निमित्त. तो मार्ग वाचनाचा व चिंतनाचा होता. पत्नीचा मार्ग निराळा. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरास पतीकडे आल्या, तेव्हा एकाच संसारात दोन चुली होत्या, पाणी वेगळे होते. जात देवाने निर्माण केलेली नाही, ती माणसांची करणी आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० मधला. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आचरण आधी, विधी मागाहून. धर्मांतराचा इतिहास केवळ बाप्तिस्म्याच्या तारखांवरून लिहिणाऱ्यांच्या हातून नेमका हाच भाग निसटतो.

प्लेगच्या दिवसांत रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या लक्ष्मीबाई या धुऊन घेतलेल्या मिठाच्या घरातल्याच होत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानावा असे शिकविले गेले होते, त्यांचे अंग पुसणे आता नित्याचे झाले. या प्रसंगी लेखिका शास्त्रवचनांचा आधार घेत नाही. तिची भाषा माजघरातील बायकांची आहे. तक्रार, थट्टा आणि कबुली एकाच वाक्यात नांदतात. टिळक दारात आलेल्या कोणासही घरात घेत, हातातील पैसा देऊन टाकीत. त्या औदार्याचा हिशेब मात्र पत्नीच्या रित्या डब्यांत लागे. संतत्वाशेजारी संसार करणाऱ्या स्त्रीचा हा त्रागा पुस्तकातून वजा केला असता, तर ते एक सामान्य चरित्रपर स्तोत्र झाले असते.

तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले ते याच जाणिवेने. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. देशी वळणाची, परकी पगारावर न जगणारी ख्रिस्ती मंडळी त्यांना हवी होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या स्त्रीने हे करावे, याचे आश्चर्य समीक्षकांनी पुष्कळदा व्यक्त केले आहे. परंतु ओवी जात्यावरची होती, आणि ती त्यांना लहानपणापासून ठाऊक होती.

अन्य भाषांतील अभ्यासकांना हा ग्रंथ बहुधा इंग्रजीतून भेटतो: जोसेफीन इंक्स्टर यांचे भाषांतर १९५० मधले, शांता गोखले यांचे २०१७ मधले. दोहोंपुढे अडचण एकच होती. ‘सोवळे’ या शब्दात वस्त्र, स्पर्श, पाणी, जात आणि बाईचे कष्ट एकत्र आहेत. इंग्रजीत त्यांना वेगवेगळी नावे द्यावी लागतात.