दाराशी बोलणारी पेटी

घराचं दार हे त्या घराचं तोंडही असतं आणि कानही. आमचं मांजरसुंबा धुळे-सोलापूर महामार्गावरचं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं गाव. इथं पाहुणा अंगणात उभा राहून हाक मारतो, 'हाय का कुनी घरात?' आतून 'या की' आलं, की झालं! जुन्या शहरांची रीत निराळी. बीडला राजुरी वेस, कोतवाली वेस होत्या. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 साली झाली. त्याच्या दिल्ली दरवाजाला अणकुचीदार खिळे ठोकलेले आणि त्यातच माणसापुरती छोटी दिंडी ठेवलेली. 'कोण?' हे विचारायला पहारेकरी असे. आजच्या फ्लॅटच्या इमारतीत तेच काम इंटरकॉमची पेटी करते.

आमच्या भागातली कितीतरी मुलं पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला फ्लॅटमध्ये राहतात. मागोमाग आई-वडीलही जातात. त्यांना ही पेटी समजावून द्यायला हवी. खाली बटणांची पाटी, वर प्रत्येक घरात रिसीव्हर, मधे वायर आणि वीज पुरवणारा छोटा सप्लाय, एवढाच हा संसार. खाली बटण दाबलं की वर घंटी वाजते. रिसीव्हर उचलून आवाज ओळखायचा आणि बटण दाबून खालचं कुलूप उघडायचं.

संसार छोटा, पण दुर्लक्ष त्याला सोसत नाही. माझ्या बहिणीच्या सोसायटीत एका रात्री मेहुण्यांना धाप लागली. डॉक्टर आले, खाली बटण दाबत राहिले. वर घंटीच वाजेना. त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपलेली. रात्रपाळीहून परतलेल्या शेजारच्या मुलानं दार उघडलं, म्हणून बरं. दुसऱ्या दिवशी पाटी उघडली, तर आत मुंग्यांचं वारूळ आणि ओल लागून कुजलेला वायरचा जोड. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती.

म्हणून महिन्यातून एकदा दोघांनी मिळून फेरी मारावी. एकानं खाली प्रत्येक बटण दाबावं, वरच्यानं घंटी, आवाज आणि कुलूप तपासावं. घंटी वाजत नसेल, तर आधी रिसीव्हर जागेवर नीट बसलाय का, ते पाहावं. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. पाटी कोरड्या मऊ फडक्यानं पुसावी. दिवाळीची साफसफाई करताना तिच्यावर पाणी मारू नये. पावसाळ्याआधी कडेच्या फटी बुजवून घ्याव्यात. दार पूर्ण मिटत नसेल, तर कुलपाला बोल लावू नये. दार आपोआप लावणारा क्लोजर ढिला झाला असेल किंवा चौकट फुगली असेल.

वीज गेल्यावर काय होतं, हेही सगळ्यांना ठाऊक असावं. चुंबकाचं कुलूप विजेवरच धरून राहतं. वीज आणि बॅटरी दोन्ही गेली, की दार मोकळं. साध्या विजेच्या कुलपाचं बहुधा उलटं, ते बंदच राहतं. मग किल्लीच कामी येते. ती किल्ली कुणाकडे आहे, हे सर्वांना माहीत हवं. बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहावी. आग लागली तर आतला माणूस किल्लीशिवाय, कोडशिवाय बाहेर पडू शकला पाहिजे. याची खात्री तर आधी करावी. भाडेकरू बदलला की कोड बदलावा, हरवलेलं कार्ड रद्द करावं. पेटी उघडायचं काम मात्र जाणकारानंच, वीज बंद करून करावं.

हे सारं एका वहीत तारखेसह टिपावं. खर्च वहीचा आणि वेळ तासाभराचा. म्हातारी माणसं घरात एकटी असतात, तेव्हा खालून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे. महिन्याचा पहिला रविवार त्यासाठी राखून ठेवा.