मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती : बनवतं कोण, तपासतं कोण?



ग्रुपवर कुणीतरी एखाद्या सॉफ्टवेअरची सेटअप फाईल टाकतं. आपण ती पेनड्राइव्हवर घेतो आणि शाळेच्या सगळ्या संगणकांवर टाकून मोकळे होतो. मीही हेच करत आलेय. पण ती फाईल बनवणाऱ्यांनी दिली तशीच आहे का, हे आपण बघतो का?

लिबरऑफिससारख्या मुक्त (ओपन सोर्स) सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही वाचता येतो. त्याची नवी आवृत्ती साधारण तीन टप्प्यांत बाहेर पडते.

१) तयारी : ठरावीक दिवशी नवीन भर थांबवतात, फक्त चुका दुरुस्त करतात. मग क्रमांक देतात. समजा २.४.१. बऱ्याच ठिकाणी शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय आणि पहिला वाढला तर मोठा बदल, असा संकेत असतो. त्यानंतर 'रिलीज कँडिडेट' म्हणजे उमेदवार आवृत्ती काढतात. आपण कच्ची प्रश्नपत्रिका सहकाऱ्याला वाचायला देतो ना, तसंच.

२) पडताळणी : अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये प्रत्येक आवृत्तीवर मतदान होतं. त्यासाठी साधारण ७२ तास देतात. अधिकार असलेल्या किमान ३ जणांचा होकार लागतो. होकार देणाऱ्याने फाईल स्वतःच्या संगणकावर उतरवून, सही तपासून, कोडपासून सॉफ्टवेअर तयार करून चालवून बघायचं असतं. न वाचता सही चालत नाही!

३) प्रसिद्धी : फाईलसोबत चेकसम देतात. हा फाईलचा अंगठ्याचा ठसाच समजा. एसएचए-२५६ प्रकारात तो ६४ अक्षर-अंकांचा असतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. शिवाय फाईल कुणी दिली हे कळावं म्हणून डिजिटल सही असते.

मग सही बरोबर असली की झालं का? नाही. 'एक्सझेड' या फाईल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट बघा. ते अनेक वर्षं मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. मदतीच्या नावाखाली 'जिया टॅन' नावाने कुणीतरी आलं. दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला, आवृत्त्या काढायचा अधिकारही मिळवला. २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घातली गेली. ती सुरू करणारा एक भाग सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच, फक्त प्रसिद्ध केलेल्या फाईलमध्ये होता. सही मात्र खरी होती! लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, म्हणून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने खोदून पाहिलं आणि २९ मार्च २०२४ रोजी प्रकार उघड केला.

म्हणजे लखोट्यावरचं सील लखोटा कुणी बंद केला ते सांगतं. आतली प्रश्नपत्रिका कुणीतरी वाचावीच लागते. त्या एकट्या स्वयंसेवकाच्या जोडीला वाचणारे आणखी चार जण असते, तर?

आपण एवढं तरी करूया :
• फाईल ग्रुपवरून नको, मूळ संकेतस्थळावरूनच घ्या.
• सेव्हन-झिप असेल तर फाईलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ काढा आणि संकेतस्थळावरच्या ठशाशी जुळवा. जुळला नाही तर फाईल उघडू नका.
• मुलांनाही एका वाक्यात एक अक्षर बदलून दोन्ही ठसे काढायला लावा. तपासणी का करायची, हे त्यांना न सांगताच कळेल.