घाणेरी कुंपणाला बरी, पण गुरांच्या पोटात गेली तर घात

बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात घाणेरी दिसतेच. काही गावांत तिला टणटणी म्हणतात. हे झुडूप मूळचं अमेरिका खंडातलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलं आणि तिथून देशभर पसरलं.

उपयोग काय?
जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला चालते. वाळलेल्या काड्या चुलीला होतात. पिकलेली काळी फळं पोरं खातात. कच्ची हिरवी मात्र विषारी, ती खाऊ देऊ नयेत. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी फांद्या उकळून, साल काढून टोपल्या नि खुर्च्या बनवतात.

धोका कुठे?
चाराटंचाईत भुकेलं जनावर पाला खातं. बाहेरून विकत आणलेल्या जनावराला ओळख नसते, तेही खातं. पाल्यातलं विष थेट यकृतावर जातं आणि पित्त तुंबतं. हिरव्या चाऱ्यापासून पोटात तयार होणारा एक घटक एरवी पित्तावाटे बाहेर पडतो. तो कातडीत साठतो आणि ऊन लागलं की कातडी भाजते. पाला वाळला तरी विष जात नाही. कडब्यात, कुट्टीत चुकून मिसळू देऊ नका.

लक्षणं ओळखा
चारा सोडणं, रवंथ बंद, शेण घट्ट होणं, डोळे पिवळे पडणं, उन्हात अस्वस्थ होणं. पांढऱ्या कातडीवर, नाकपुडीवर, कानावर भेगा पडून साल निघते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळ्यांनाच धोका.

जनावर लगेच सावलीत बांधा आणि डॉक्टरांना बोलवा. पाला पोटात बरेच दिवस राहतो आणि विष भिनतच राहतं. म्हणून 'उद्या बघू' म्हणू नका. पाला खाल्ल्याचं डॉक्टरांना आठवणीने सांगा.

काढायची कशी?
नुसती वरून तोडली किंवा पेटवली तर बुडातून पुन्हा फुटते. पाऊस पडून जमीन मऊ झाली की कुदळीने जमिनीखाली बुडखा तोडा आणि झुडूप उलटं करून वाळू द्या. फळं धरायच्या आत काढा. बुलबुलासारखे पक्षी बी लांबवर टाकतात. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात नवी रोपं उपटत राहा.

कुंपणाला ठेवायचीच असेल तर गोठ्यापासून आणि चरायच्या वाटेपासून लांब ठेवा.