संशयाची शिक्षा

एखाद्याची नोकरी जाण्यासाठी तो समलिंगी असावाच लागतो असे नाही. तो तसा आहे असे चार जणांना वाटले तरी पुरते. चालण्याची ढब, नाजूक आवाज, पस्तिशी उलटूनही न झालेले लग्न एवढ्यावर कुजबूज सुरू होते. जात दाखल्यावर असते, धर्म बहुधा नावावरून कळतो. लैंगिक कल मात्र कपाळावर लिहिलेला नसतो. त्यामुळे हा भेदभाव अंदाजावर चालतो, आणि त्या अंदाजाला उत्तर देणे अवघड असते. ‘मी तसा नाही’ असे म्हणावे, तर जे तसे आहेत त्यांना काढायला हरकत नाही, हे मान्य केल्यासारखे होते.

मराठी माणसाच्या संदर्भात या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण घडले ते अलीगढमध्ये. नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते आणि निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही जण त्यांच्या घरात घुसले आणि त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. इथे कुजबुजीची जागा कॅमेऱ्याने घेतली. घरात घुसणाऱ्यांपेक्षा सिरस यांचेच वर्तन विद्यापीठाला गंभीर वाटले. दुसऱ्याच दिवशी त्यांना निलंबित करण्यात आले. वास्तविक प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच दिला होता.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १ एप्रिल रोजी निलंबनाला स्थगिती दिली. खासगी वर्तनाचा नोकरीशी ठोस संबंध नसेल, तर ते गैरवर्तन ठरू शकत नाही, असा त्यामागचा विचार होता. ७ एप्रिल रोजी सिरस भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळले. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानेच, जोडीदारासोबतच्या चित्रफितीवरून काढलेल्या एका होमगार्डला कामावर परत घेण्याचा आदेश दिला. पण प्राध्यापक आणि होमगार्ड या दोघांचेही मालक सरकारी वा सार्वजनिक होते. संविधानातील समानतेची कलमे मुख्यतः शासनाला बांधतात. खासगी मालकाविरुद्ध त्यांचा थेट आधार क्वचितच मिळतो.

याचा अर्थ आपल्या परिसरात पाहू. मुरबाड तालुक्यातील धसईच्या एखाद्या तरुणाला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, तर त्याच्यामागे संविधान उभे असते. तोच तरुण मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे लागला, तर चित्र बदलते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या ठिकाणी तक्रार समिती सक्तीची केली. पण तिच्याकडे तक्रार करता येते ती स्त्रीलाच. ‘बायल्या’ म्हणून रोज हिणवला जाणारा पुरुष तिथे जाऊ शकत नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९ चा कायदा नोकरीतला भेदभाव रोखतो, मात्र समलिंगी किंवा तसा समजला गेलेला माणूस त्यात बसत नाही. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात लिहिले. पण ठेकेदाराच्या कामगाराला मूळ कंपनीविरुद्ध त्याचा आधार घ्यायचा, तर आधी आपण तिचेच कामगार आहोत हे सिद्ध करावे लागते. शिवाय कारण कागदावर येतच नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच सांगितले जाते. दाद मागायची, तर गावभर चर्चा होणार, हे त्या मुलालाही ठाऊक असते. खेड्यात कामावरची बातमी संध्याकाळच्या आत घरी पोचते. म्हणून बहुतेक जण गप्प राहून कल्याण-ठाण्याची वाट धरतात.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात नुसत्या समजुतीवरून केलेला भेदभावही बेकायदा आहे. तिथे पीडिताला आपला कल सिद्ध करावा लागत नाही. मालक कशामुळे तसा वागला, एवढेच पाहिले जाते. आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर शाळेच्या संस्थाचालकांना आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांना दोन गोष्टी आजही करता येतील: काढण्याचे कारण लेखी देणे, आणि ते कारण कामाशी संबंधित आहे का, हे सही करण्यापूर्वी स्वतःला विचारणे. सिरस यांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयाने विचारला. विद्यापीठाने तो ९ फेब्रुवारीलाच विचारायला हवा होता.