सिस्टरचं व्रत आणि बिशपचा अधिकार

केरळातल्या एखाद्या मठाची बातमी टीव्हीवर आली की साताऱ्यातल्या उंब्रजच्या बाजारपेठेतही दोन दिवस तोच विषय असतो. ‘त्यांच्यात बिशप म्हणेल ती पूर्व दिशा,’ असं एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘आता ननसुद्धा बंड करायला लागल्या.’ असं बोलणाऱ्यांचा ननशी संबंध आलेला असतो तो बहुधा मुलीच्या शाळाप्रवेशापुरता. ती बाई कोणत्या नियमांनी जगते, कुणाला जाब द्यायला बांधील असते आणि कुणाला नसते, हे आपल्याला कधी कुणी सांगितलेलंच नाही. ते समजून घ्यायला हवं. या बायकांनी धर्मात राहून धर्मसत्तेशी वाद घातला आहे, शतकानुशतकं घातला आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या पुण्यातून गेला आहे.

गैरसमज : मिशन म्हणजे मिशन, सगळं एकच.

मिरजेचं मिशन हॉस्पिटल, पाचगणीचं सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आणि पुण्याचं पंचहौद ही नावं आपण एका दमात घेतो. मिरजेचा दवाखाना १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभा केला. ते प्रेस्बिटेरियन, त्या पंथात पोप नाही आणि ननही नाहीत. पाचगणीचं कॉन्व्हेंट १८९५चं, ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक संघाचं. हा संघ १८३३ मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात स्थापन झाला. पंचहौद तेव्हा अँग्लिकन. म्हणजे तिथे नन होत्या, पण पोपचा अधिकार नव्हता. १८९० साली जिथल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा वाद पोचला, तेच हे पंचहौद.

हा फरक कळला नाही की पंडिता रमाबाईंची गोष्टही चुकीची कळते. रमाबाई कॅथलिक झाल्या, नन झाल्या, असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. त्या दोन्ही झाल्या नाहीत. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तिथला मठ ‘सेंट मेरी द व्हर्जिन’ या संघाचा होता आणि याच संघाच्या सिस्टर पुण्यात पंचहौदला काम करत होत्या. त्यांच्यापैकी सिस्टर जेराल्डिन रमाबाईंच्या धर्ममाता झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. त्याच पत्रांमध्ये सिद्धांतावरचा वाद पानोपानी चालतो. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या बुद्धीला पटत नव्हता, कुमारी मातेच्या पोटी जन्म ही गोष्टही पटत नव्हती. जेराल्डिनबाईंचं म्हणणं असं, की चर्च जे शिकवतं ते नम्रपणे स्वीकारायचं. रमाबाईंनी कळवलं की मी ख्रिस्त स्वीकारला आहे, धर्मगुरूंची सत्ता नाही. आमच्याकडच्या पुरोहितांचं जोखड आत्ताच कुठे मानेवरून उतरलं आहे, ते दुसऱ्या नावाने पुन्हा चढवून घेणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तिथेही त्यांनी विचारलं की संस्कृतपेक्षा लॅटिन जास्त पवित्र कशी. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असं निघालं, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बाई काय मानते इथपासून ती कुणापुढे उभी राहून शिकवते इथपर्यंत, एकाच अधिकाराची ती दोन टोकं होती.

या वादात मठातली सिस्टर धर्मसत्तेच्या बाजूने उभी होती, हेही नोंदवायला हवं. पण सगळी पत्रं जपून, जुळवून ठेवली तीही जेराल्डिनबाईंनीच. म्हणून १९७७ मध्ये अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती छापली गेली आणि आज आपल्याला वाचता येतात.

गैरसमज : नन म्हणजे बिशपच्या हाताखालची नोकर.

इथून पुढे कॅथलिक सिस्टरांविषयी. सातारा-सांगलीचा भाग पुणे धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १८८६ चा. पण इथल्या मठांची मालकी बिशपकडे असते असं नाही. प्रत्येक संघाची स्वतःची नियमावली असते आणि प्रमुख सिस्टर संघाच्या सभेतून निवडली जाते. आपल्याकडच्या माणसाला हे सहकारी संस्थेवरून चटकन कळेल: पोटनियम संस्थेचे, संचालक मंडळ निवडून आलेलं, आणि वर निबंधक. हा निबंधक कोण, हे मात्र संघागणिक बदलतं. काही संघ थेट रोमला जबाबदार असतात, काही स्थानिक बिशपला. पहिल्या प्रकारातही शाळा, दवाखाना, धर्मशिक्षण अशा बाहेरच्या कामात बिशपचा शब्द चालतो. मठाच्या आतल्या कारभारात चालत नाही.

आज्ञापालनाचं व्रत असतं, पण ते नियमावलीच्या चौकटीत राहून दिलेल्या आज्ञेचं. कुणाही धर्मगुरूने काहीही सांगावं आणि सिस्टरने ते करावं, असा त्याचा अर्थ चर्चच्या कॅनन कायद्यात कुठेही नाही.

गैरसमज : ननांचं हे वाद घालणं म्हणजे आजकालच्या स्त्रीवादाचं खूळ.

मेरी वॉर्ड ही इंग्रज बाई १५८५ ची. मठाच्या भिंतीआड कोंडून न घेता मुलींच्या शाळा चालवणारा, स्त्री-प्रमुखाच्या हाताखालचा संघ तिला हवा होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच ननना भिंतीआड राहण्याची सक्ती केली होती. तरी तिने युरोपभर शाळा काढल्या. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी तिचा संघ बरखास्त केला. तिला पाखंडी ठरवून म्युनिकच्या एका मठात डांबलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. कागद कोरा दिसे, विस्तवावर धरला की अक्षरं उमटत. बाहेरच्या सोबतिणींना धीर देणारी ही पत्रं आजही जपलेली आहेत. तिचं नाव संस्थापिका म्हणून घ्यायची परवानगी रोमने दिली ती १९०९ मध्ये, आणि २००९ मध्ये तिला ‘पूजनीय’ घोषित केलं. मदर तेरेसा ज्या लोरेटो संघातून भारतात आल्या, तो तिच्याच परंपरेतला.

गोव्यात, जुन्या गोव्याच्या टेकडीवर, सांता मोनिकाचा मठ १६०६ मध्ये सुरू झाला. त्यातल्या ननांची संख्या आणि मालमत्ता फार वाढते म्हणून गोव्याच्या नगरसभेने पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी केल्या होत्या. जमिनीचा, पैशाचा आणि बायकांच्या मठाचा वाद आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांचा आहे.

गैरसमज : सिद्धांतावर प्रश्न म्हणजे श्रद्धाच नाही.

कॅथलिक शिकवणीला पायऱ्या आहेत. ख्रिस्ताचं पुनरुत्थान ही श्रद्धेची गाभ्याची गोष्ट. स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा नाही, ही शिकवण अंतिम म्हणून पाळायची असं पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनी मे १९९४ मध्ये जाहीर केलं. पोशाख, मठाची दिनचर्या, संघाची रचना ही शिस्तीची बाब आणि ती बदलते. बहुतेक वाद मधल्या आणि खालच्या पायरीवरचे असतात. बातमीत मात्र सगळे ‘चर्चविरुद्ध बंड’ होऊन येतात.

७ ऑक्टोबर १९७९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सिस्टर थेरेसा केन यांनी दुसऱ्या जॉन पॉल यांचं स्वागत करताना, त्यांच्यासमोर, भर सभेत सांगितलं की चर्चची सर्व सेवापदं स्त्रियांना खुली व्हावीत. त्या पोपना मानणाऱ्या होत्या, म्हणूनच त्यांच्याशी बोलल्या. २०१२ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत खात्याने अमेरिकेतल्या सुमारे ऐंशी टक्के सिस्टरांचं प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेवर अहवाल काढला आणि देखरेखीला एक आर्चबिशप नेमला. ठपका काय होता? संमेलनात चुकीचे वक्ते बोलावता, स्त्रीवादी विचारांना थारा देता, गर्भपात आणि समलिंगी विवाहावर गप्प राहता. गप्प राहणं हाही आरोप होता, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सिस्टरांनी ना राजीनामे दिले, ना शब्दन्‌ शब्द मान्य केला. त्या तीन वर्षं बोलत राहिल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये प्रकरण मिटलं.

महाराष्ट्रातला तणाव याहून शांत, पण माझ्या मते याहून खोल. १९७२ मध्ये पुण्याच्या शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम नव्याने सुरू झाला. रमाबाईंशी वाद घातलेल्या त्याच अँग्लिकन संघाच्या सिस्टर आणि कॅथलिक ‘सेक्रेड हार्ट’ संघाच्या सिस्टर तिथे एका छपराखाली राहू लागल्या. पारशी घरात जन्मलेल्या सिस्टर वंदना त्यात होत्या. पुढे सिस्टर सारा ग्रांट आल्या. साराबाईंनी शंकराचार्यांच्या संबंध-कल्पनेवर प्रबंध लिहिला आणि स्वतःला अद्वैती ख्रिस्ती म्हणवून घेतलं. ब्रह्म आणि जग यांचं नातं शंकराचार्य सांगतात तसं मानूनही ख्रिस्त मानता येतो, ही त्यांची मांडणी, आणि ती त्यांनी कॅथलिक सिस्टर राहूनच केली. दुसरीकडे रोमने १९८९ मध्ये पौर्वात्य ध्यानपद्धतींबाबत सावध करणारं पत्र काढलं आणि २००० मध्ये ख्रिस्ताच्या एकमेवत्वावर कडक भूमिका घेणारा दस्तऐवज. या दोन टोकांच्या मध्ये जगणं म्हणजे काय, हे कुणा विद्यापीठाआधी आश्रमातल्या रोजच्या प्रार्थनेला ठाऊक होतं.

गैरसमज : केरळचं प्रकरण सिद्धांताचं होतं.

नव्हतं. २०१८ मध्ये एका सिस्टरने जालंधरच्या तेव्हाच्या बिशपवर बलात्काराची फिर्याद दिली आणि तिच्या सोबतिणी कोचीत धरण्याला बसल्या. हा फौजदारी खटला होता. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टयमच्या न्यायालयाने बिशपना निर्दोष सोडलं, त्यावर अपील झालं. पण ज्या संघाच्या त्या सिस्टर, तो संघ जालंधरच्या बिशपच्याच अधिकाराखालचा. ज्याच्याविरुद्ध तक्रार, निबंधकही तोच. आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या सिस्टर लूसी कळप्पुरा यांना त्यांच्या संघाने २०१९ मध्ये काढलं ते शिस्तीच्या कारणांवरून: परवानगीशिवाय पुस्तक छापणं, गाडी घेणं, अशी यादी होती.

मग सिद्धांताचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो फार कमी बोलला जातो. २०२१ मध्ये भारतीय सिस्टरांच्या अनुभवांवर एक अभ्यास पुस्तकरूपाने आला. तो केला सिस्टर हेझल डिलिमा यांनी. त्या मुंबईच्या निर्मला निकेतनच्या माजी प्राचार्या. त्यात वाद दिसतात ते जमिनीचे, तुटपुंज्या मोबदल्याचे, धर्मग्रामातल्या फुकट राबणुकीचे. आणि वाद झाला की मठात मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, अर्पायला धर्मगुरू येईनासा होतो. कुंपणाच्या भिंतीवरून किंवा शाळेच्या हिशेबावरून सुरू झालेलं भांडण असं थेट वेदीपाशी पोचतं. मिस्सा फक्त दीक्षित पुरुषच अर्पू शकतो, ही सिद्धांताची बाब. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद कितीही सारखे असले तरी एका बाजूच्या हातात दुसरीचा रोजचा घास असतो. वाद सिद्धांताचा की सत्तेचा, हा प्रश्नच मला म्हणून अपुरा वाटतो. इथे सत्ता सिद्धांतातूनच येते.

गैरसमज : रोम कधीच बदलत नाही.

समलिंगी कॅथलिकांसाठी काम करणाऱ्या सिस्टर जीनिन ग्रामिक यांच्यावर १९९९ मध्ये कायमची बंदी आली. आपल्या संघानेही गप्प बसायला सांगितल्यावर त्या दुसऱ्या संघात गेल्या आणि काम चालू ठेवलं. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना कौतुकाचं पत्र पाठवलं, २०२३ मध्ये भेट दिली. त्याच २०२३ च्या सिनॉडमध्ये, म्हणजे बिशपांच्या जागतिक सभेत, स्त्रियांना पहिल्यांदा मताचा अधिकार मिळाला.

आणि जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या व्रतस्थांचा कारभार पाहणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याच्या प्रमुखपदी सिस्टर सिमोना ब्राम्बिला आल्या, अशा पदावरची पहिली स्त्री. त्याच दिवशी त्यांच्या जोडीला त्याच खात्यात एक कार्डिनल उपप्रमुख म्हणून नेमले गेले. दीक्षा नसलेली व्यक्ती चर्चमध्ये शासनाधिकार किती वापरू शकते, यावर कॅनन कायद्याचे जाणकार अजून भांडत आहेत.