इसाबेलाची खोली

पिएत्रो पेरुजीनो हा त्या काळातला बडा चित्रकार. जानेवारी १५०३मध्ये फ्लॉरेन्सला त्याच्याशी एका चित्राचा करार झाला. एका बाजूला पॅलास आणि डायना, समोर व्हीनस आणि क्युपिड. क्युपिडचा बाण मोडलेला हवा, इथवर तपशील लिहून दिला होता. गर्दी वाटली तर आकृत्या कमी करायची मुभा होती, पदरची एकही घालायची नव्हती. मोबदला १०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी.

ही फर्माईश होती मांतुआची राणी इसाबेला देस्ते हिची. (खरं तर मार्क्विसची पत्नी, पण रुबाब राणीचाच.) फेर्राराच्या राजघराण्यातली ही मुलगी १४९०मध्ये, पंधराव्या वर्षी, मांतुआच्या राज्यकर्त्या गोंझागांच्या घरात आली. किल्ल्यातल्या एका लहानशा खोलीत तिने आपला ‘स्तुदिओलो’, म्हणजे खासगी अभ्यासिका, सजवला. मांतुआ छोटं संस्थान, तिजोरी बेताची. मिलान किंवा रोमशी पैशांत बरोबरी शक्य नव्हती. म्हणून या खोलीसाठी चित्रं मिळवायला तिने नामवंत चित्रकारांवर पत्रांचा मारा केला. इसार देणं, तगादा लावणं, मध्यस्थ पाठवणं, इसार परत मागण्याची धमकी देणं, सगळं त्यात आलं.

व्हेनिसच्या जोव्हान्नी बेल्लिनीने मात्र दाद दिली नाही. आखून दिलेली कथा रंगवायला तो तयार नव्हता. शिवाय त्याचं चित्र मेहुण्याच्या, गोंझागांच्या पदरी असलेल्या मांतेन्याच्या, चित्रांशेजारी लागणार होतं! १५०१मध्ये २५ डुकाट घेऊनही तो टोलवत राहिला. शेवटी तिनेच विषय सोडला आणि १५०४मध्ये ख्रिस्तजन्माच्या चित्रावर समाधान मानलं. लिओनार्दोने तिचं खडूने रेखाचित्र काढलं, रंगीत चित्र कधीच दिलं नाही. आज्ञाधारक पेरुजीनोचं काम १५०५मध्ये आलं, तेही तिला मांतेन्याच्या तोडीचं वाटलं नाही. मला यात तिचाच दोष दिसतो: हात बांधून घेतलेल्या माणसाकडून झेप कशी मिळणार?

मांतेन्याशी तिचा व्यवहार सर्वांत बोचरा. आयुष्याचा मोठा काळ गोंझागांची चाकरी केलेला हा वृद्ध चित्रकार १५०६मध्ये कर्जात होता. रोमन सम्राज्ञी फाउस्तिनाचा प्राचीन संगमरवरी अर्धपुतळा त्याला जिवापाड प्रिय. तो विकायला काढला. १०० डुकाटांखाली तो उतरेना, ती चटकन हो म्हणेना. अखेर पुतळा तिच्याकडे गेला. निरोप देताना म्हाताऱ्याचा जीव असा तुटला की हा आता फार दिवस काढत नाही, असं मध्यस्थाला वाटलं. सप्टेंबरात मांतेन्या गेला.

गोंझागांच्या वारसांनी १६२७पासून आपला संग्रह इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकला. स्तुदिओलोची मांतेन्या, पेरुजीनो, कोस्ता आणि कोर्रेज्जो यांची सात चित्रं शेवटी फ्रान्सला पोहोचली. ती आज लूव्हरमध्ये आहेत.